‘बॅक आउट’ म्हणजे नेमकी कोणती माघार?

मुलुंडच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या मानद सचिवांनी प्रश्न विचारला आहे. त्यांच्या इमारतीच्या पुनर्विकासासाठी सर्वसाधारण सभेने एका विकासकाची निवड केली आणि त्याचा प्रस्ताव स्वीकारल्याचे पत्रही दिले. डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटचा मसुदा तयार होत असतानाच विकासकाने इंग्रजीत कळवले की, बाजारातील बदललेल्या परिस्थितीमुळे आम्ही या प्रकल्पातून ‘पुल आउट’ करत आहोत. संस्थेच्या उत्तराच्या मसुद्यात एका सदस्याने ‘यू हॅव बॅक्ड आउट’ असे लिहिले. दुसऱ्या सदस्याला हे शब्द पत्रात शोभत नाहीत असे वाटले आणि त्यांनी ‘विथड्रॉन’ सुचवले. तिसऱ्यांचे म्हणणे असे की, तिन्हींचा अर्थ ‘माघार घेणे’ हाच आहे, मग वाद कशासाठी? तेव्हा ‘बॅक आउट’चा नेमका अर्थ कोणता, तो कुठे व कसा वापरावा, पत्रात तो चालेल का, आणि सभेच्या मराठी इतिवृत्तात काय लिहावे, असे सचिवांनी विचारले आहे.

वकिलांच्या आणि कंपन्यांच्या कागदपत्रांचे इंग्रजी-मराठी भाषांतर करणे हा माझा व्यवसाय आहे आणि संध्याकाळी दादरला नोकरदार मंडळींना मी व्यवहारातले इंग्रजी शिकवतो. दोन्ही ठिकाणी हा शब्दप्रयोग सतत भेटतो. तिसऱ्या सदस्यांचे मत मला पटत नाही हे प्रथमच सांगतो, कारण या तीन शब्दांपैकी कोणता शब्द निवडला यावरून दोष कोणाच्या पदरात पडतो हे ठरते.

‘बॅक आउट’ या शब्दाचा मूळ अर्थ साधा आहे. चाळीतल्या अरुंद गल्लीत शिरलेली गाडी वळवायला जागा नसेल, तर ती रिव्हर्समध्ये घालून मागच्या मागे बाहेर काढावी लागते. त्या क्रियेला इंग्रजीत ‘बॅक आउट’ म्हणतात. जो आत शिरलाच नाही, त्याला मागे सरकत बाहेर पडताही येत नाही. लाक्षणिक अर्थही याच पायावर उभा आहे: आधी होकार दिलेला असला पाहिजे, मगच ‘बॅक आउट’ होऊ शकते. माथेरानच्या सहलीला ‘मी येणार नाही’ असे पहिल्याच दिवशी सांगणाऱ्याने ‘बॅक आउट’ केलेले नसते. त्याने ‘डिक्लाइन’ केलेले असते. नाव नोंदवून, वर्गणी कबूल करून, आदल्या रात्री ‘मला जमणार नाही’ असा निरोप पाठवणारा मात्र ‘बॅक आउट’ करतो.

दिलेला होकार हा या शब्दाचा पहिला घटक झाला. दुसरा घटक असा की, बाहेर पडण्याचा निर्णय एकतर्फी असतो. दोन्ही पक्षांनी बसून, चर्चा करून व्यवहार मोडला, तर इंग्रजीत ‘दे कॉल्ड इट ऑफ’ म्हणतील. तिथे कोणीही ‘बॅक आउट’ केलेले नसते. तिसरा घटक शब्दकोशात क्वचितच स्पष्ट लिहिलेला असतो, पण इंग्रजी बोलणाऱ्याच्या कानाला तो लगेच जाणवतो: त्या होकारावर विसंबून दुसऱ्या कोणीतरी काहीतरी केलेले असते आणि आता तो अडचणीत आलेला असतो. पुनर्विकासाच्या बाबतीत संस्थेने इतर विकासकांना नकार कळवलेला असतो, प्रकल्प सल्लागाराची फी दिलेली असते, काही सदस्यांनी भाड्याच्या घरांची चौकशी सुरू केलेली असते, एखाद्या घरातले लग्न पुढे ढकललेले असते. ‘बॅक आउट’ म्हटल्याबरोबर ही सगळी माणसे वाक्यात उभी राहतात, ‘विथड्रॉ’ म्हटल्यावर ती दिसत नाहीत.

म्हणून ‘बॅक आउट’ हा शब्द घडलेली गोष्ट सांगता सांगता ठपकाही ठेवतो. शिवी नसली तरी त्यात तक्रारीचा सूर नक्कीच असतो, आणि बोलणारा कोणत्या बाजूला उभा आहे हे त्यावरून कळते. विकासकाने आपल्या पत्रात ‘पुल आउट’ लिहिले, ‘बॅक आउट’ लिहिले नाही, यात काहीही आश्चर्य नाही. स्वतःविषयी ‘आय ॲम बॅकिंग आउट’ असे माणूस मित्रांमध्ये, थोड्या ओशाळेपणाने म्हणतो. व्यावसायिक पत्रात तसे लिहिणे म्हणजे दिलेला शब्द मोडत असल्याची आपणच कबुली देण्यासारखे आहे.

एकाच घटनेसाठी वेगवेगळ्या बाजू कसे वेगवेगळे शब्द वापरतात, हे पाहण्यासाठी २०२२ सालचा ट्विटरचा व्यवहार उत्तम आहे. २५ एप्रिल २०२२ रोजी इलॉन मस्क यांनी प्रति समभाग ५४.२० डॉलर, म्हणजे एकूण सुमारे ४४ अब्ज डॉलरला ती कंपनी विकत घेण्याचा करार केला. ८ जुलैला त्यांच्या वकिलांनी कंपनीला पत्र दिले, आणि त्या पत्रात शब्द होता ‘टर्मिनेट’: बनावट खात्यांविषयी आवश्यक माहिती कंपनीने दिली नाही, तिने कराराचा भंग केला, म्हणून आम्ही करार संपुष्टात आणत आहोत, असा त्यांचा दावा होता. ‘टर्मिनेट’ या शब्दात हक्काची भाषा आहे. समोरच्याने चूक केली, म्हणून करारानेच मला दिलेला अधिकार मी वापरतो आहे, असे तो शब्द सुचवतो. कंपनीची भूमिका नेमकी उलट होती. करार बंधनकारक आहे आणि मस्क यांनी तो पूर्ण केलाच पाहिजे, असे म्हणत तिने चारच दिवसांत डेलावेअर राज्याच्या चॅन्सरी न्यायालयात दावा लावला. इंग्रजी बातम्यांमध्ये मात्र ‘मस्क करारातून बॅक आउट करू पाहत आहेत’ अशा अर्थाची वाक्ये सर्रास दिसत होती. सुनावणी ऑक्टोबरच्या मध्यावर ठरली होती. त्याआधीच मस्क यांनी मूळ किमतीला व्यवहार पुरा करण्याची तयारी दाखवली आणि २७ ऑक्टोबरला कंपनी त्यांच्या ताब्यात आली.

या प्रकरणात आणखी एक बारकावा आहे. मस्क शेवटी बाहेर पडलेच नाहीत, त्यामुळे ‘ही बॅक्ड आउट’ असे विधान त्यांच्याविषयी आज करता येणार नाही. ‘ही ट्राइड टू बॅक आउट’ असेच म्हणावे लागेल. ‘ट्राय टू’, ‘वॉन्ट टू’, ‘थ्रेटन टू’ ही क्रियापदे या प्रयोगाच्या आधी वारंवार येतात, आणि ‘कॅनॉट बॅक आउट नाउ’ हे वाक्य तर नेहमीचेच आहे. ‘देअर इज नो बॅकिंग आउट नाउ’ असेही ऐकू येईल, ज्याला आपण मराठीत ‘आता मागे फिरणे नाही’ म्हणू.

आता ‘पुल आउट’ पाहू. एखाद्या चालू असलेल्या किंवा होऊ घातलेल्या गोष्टीतला आपला सहभाग काढून घेणे हा त्याचा गाभा. सैन्य, संघ, कंपनी, देश यांच्या बाबतीत तो विशेष शोभतो, कारण मोठा फौजफाटा बाहेर ओढून घेतल्याचे चित्र त्यात आहे. अमेरिकी सैन्य ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अफगाणिस्तानातून बाहेर पडले, तेव्हा ‘पुल आउट’ हाच शब्द योग्य होता. तिथे ‘बॅक आउट’ म्हटले असते, तर एखादा करार ऐनवेळी मोडल्याचा अर्थ निघाला असता. १७ सप्टेंबर २०२१ रोजी रावळपिंडीत पहिला एकदिवसीय सामना सुरू होण्याच्या काही वेळ आधी न्यूझीलंडच्या क्रिकेट संघाने सुरक्षेच्या कारणावरून पाकिस्तानचा दौरा सोडला. या घटनेला ‘पुल आउट’ म्हणता येते आणि ‘बॅक आउट’ही म्हणता येते, सुरक्षेची भीती खरी मानणारा पहिला शब्द वापरेल, आणि इतक्या वर्षांनी आलेला संघ नाणेफेकीच्या तोंडावर परत गेला याचे दुःख झालेला पाकिस्तानी रसिक दुसरा शब्द वापरेल. दोघेही इंग्रजी बरोबरच बोलत असतील.

‘विथड्रॉ’ हा या कुटुंबातला सर्वांत औपचारिक आणि सर्वांत व्यापक शब्द. बँकेतून पैसे काढणे, अर्ज मागे घेणे, केलेले विधान मागे घेणे, न्यायालयातला दावा काढून घेणे, सैन्य माघारी बोलावणे, या सगळ्याला तो चालतो, आणि यांपैकी एकाही ठिकाणी ‘बॅक आउट’ चालत नाही. नियमाने, नोटीस देऊन, ठरलेल्या वाटेने बाहेर पडणे ही त्याची खासियत. पॅरिस हवामान कराराचे उदाहरण घ्या. हा करार ४ नोव्हेंबर २०१६ रोजी अमलात आला. त्याच्या २८ व्या अनुच्छेदात सदस्य देशाला बाहेर पडण्याची वाट ठेवलेली आहे: करार अमलात आल्यापासून तीन वर्षे झाल्यावर लेखी सूचना द्यायची आणि त्यानंतर एक वर्षाने ती लागू होणार. अमेरिकेने १ जून २०१७ रोजी घोषणा केली खरी, पण सूचना दिली ४ नोव्हेंबर २०१९ रोजी आणि ती प्रत्यक्ष बाहेर पडली ४ नोव्हेंबर २०२० रोजी. अनुच्छेदात शब्द आहे ‘विथड्रॉ’. बातम्यांत बहुतेक वेळा ‘पुल आउट’ येत असे. आणि ज्यांना अमेरिकेने जगाला दिलेला शब्द मोडला असे वाटत होते, ते ‘बॅक आउट’ म्हणत. करारातच दार ठेवलेले असेल, तर त्या दारातून जाणाऱ्याला ‘बॅक आउट’ म्हणणे हे माझ्या मते वस्तुस्थितीपेक्षा भावनेला धरून आहे. पण भावना व्यक्त करायची असेल, तर तोच शब्द लागतो, हेही तितकेच खरे.

आपल्याकडचा कायदाही ‘विथड्रॉ’ हाच शब्द पसंत करतो. स्थावर संपदा कायद्याचे, म्हणजे ज्याला आपण सगळे रेरा म्हणतो त्या २०१६ च्या कायद्याचे, कलम १८ पाहा. विकासकाने ठरल्या मुदतीत घराचा ताबा दिला नाही आणि खरेदीदाराला ‘विथड्रॉ फ्रॉम द प्रोजेक्ट’ करायचे असेल, तर त्याने भरलेली रक्कम व्याजासह परत करण्याची जबाबदारी विकासकावर आहे, असे ते कलम सांगते. इथे शब्द किती जपून योजला आहे ते लक्षात घ्यावे. ताबा न मिळाल्यामुळे पैसे परत मागणाऱ्या खरेदीदाराने कोणताही शब्द मोडलेला नाही. शब्द मोडला आहे तो विकासकाने. अशा खरेदीदाराने आपल्या अर्जात ‘आय वॉन्ट टू बॅक आउट ऑफ द प्रोजेक्ट’ असे लिहिले, तर तो नकळत स्वतःकडेच दोष ओढून घेतो. या एका वाक्यासाठी मी वर्गात बराच वेळ देतो, कारण मुंबईत घराचे पैसे अडकलेली माणसे वर्गात नेहमीच असतात आणि हा अर्ज त्यांना कधी ना कधी लिहावा लागतो.

आता व्याकरणाकडे येतो. येथे चुका ठरावीक असतात. कशातून बाहेर पडलो हे सांगायचे असेल, तर ‘बॅक आउट’नंतर ‘ऑफ’ (of) येते: ‘बॅक आउट ऑफ द डील’, ‘बॅक आउट ऑफ द ॲग्रीमेंट’. मराठीतला ‘-तून’ डोक्यात असल्यामुळे आपल्याकडे ‘बॅक आउट फ्रॉम’ फार ऐकू येते. ‘विथड्रॉ’नंतर ‘फ्रॉम’ येते, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. ‘फ्रॉम’ वापरले तर अर्थ कळणार नाही असे नाही, परंतु लेखी इंग्रजीत ‘ऑफ’च लिहावे. त्यानंतर क्रिया सांगायची असल्यास ‘-इंग’ रूप येते: ‘ही बॅक्ड आउट ऑफ पेइंग द डिपॉझिट’. ‘बॅक्ड आउट टू पे’ ही रचना चूक आहे. कशातून हे संदर्भाने स्पष्ट असेल, तर काहीच जोडावे लागत नाही: ‘द बिल्डर बॅक्ड आउट ॲट द लास्ट मोमेंट’ हे वाक्य पूर्ण आहे. ज्याला तोंडघशी पाडले त्याचा उल्लेख करायचा असेल, तर बोलीत ‘ऑन’ वापरतात, ‘ही बॅक्ड आउट ऑन अस’, पण हे पत्रात लिहिण्याजोगे नाही.

सर्वांत मोठी चूक कर्त्याची असते. ‘द डील गॉट बॅक्ड आउट’ हे वाक्य मुंबईतल्या कार्यालयांत मी पुष्कळ ऐकले आहे. व्यवहार स्वतःहून मागे फिरत नाही. मागे फिरतो तो माणूस, कंपनी, संस्था किंवा देश. व्यवहारालाच कर्ता करायचे असेल, तर ‘द डील फेल थ्रू’ (fell through) म्हणावे, ज्याला आपण ‘व्यवहार फिसकटला’ म्हणतो. हा ‘फॉल थ्रू’ फार कामाचा आहे, कारण त्यात कोणाचेही नाव येत नाही. बँकेने कर्ज मंजूर केले नाही, जागेच्या कागदपत्रांत दोष निघाला, परवानगी मिळाली नाही, अशा कारणांनी व्यवहार मोडला, तर ‘बॅक आउट’ म्हणणे समोरच्यावर अन्याय करणारे ठरते. इस्टेट एजंट मंडळी ‘पार्टी बॅक आउट झाली’ असे सरसकट म्हणतात. त्यांपैकी निम्म्या वेळा तरी तिथे ‘फेल थ्रू’ हवे असते, असे मला वाटते.

मूळ, शारीरिक अर्थाने वापरताना मात्र हे क्रियापद कर्म घेते, ‘शी बॅक्ड द कार आउट’. संगणक क्षेत्रातही ते कर्म घेते: प्रणालीत केलेला बदल बिघडला, तर तो काढून पूर्वस्थिती आणणे याला ‘बॅक आउट अ चेंज’ म्हणतात, आणि पवई-ऐरोलीच्या कार्यालयांत रात्रीचा बदल करण्यापूर्वी ‘बॅकआउट प्लॅन’ लिहून द्यावा लागतो. त्यात शब्द मोडण्याचा लवलेश नाही. तो वेगळाच प्रयोग आहे आणि त्याची सरमिसळ करू नये.

सरमिसळ अधिक होते ती ‘बॅक डाउन’ आणि ‘बॅक ऑफ’ यांच्याशी. ‘बॅक डाउन’मध्ये आधी वचन दिलेले नसते, आधी मागणी, दावा किंवा धमकी असते, आणि समोरचा बधत नाही किंवा दबाव वाढतो म्हणून ती सोडून दिली जाते. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये क्युबातील क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ समोरासमोर ठाकले आणि अखेर २८ ऑक्टोबरला ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे जाहीर केले. याला इंग्रजीत ‘ख्रुश्चेव्ह बॅक्ड डाउन’ असे म्हटले गेले. मराठीत याला ‘नमते घेणे’ हा नेमका शब्द आहे. ‘बॅक ऑफ’ (back off) म्हणजे अंतर राखणे, दबाव सैल करणे, पाठ सोडणे. रागाने ‘बॅक ऑफ!’ म्हटले, की त्याचा अर्थ ‘लांब राहा’ असा होतो. विकासकाने जादा क्षेत्रफळ देण्यास नकार दिला आणि संस्थेने ती मागणी सोडली, तर संस्था ‘बॅक डाउन’ करते. विकासकाने करार सोडला, तर तो ‘बॅक आउट’ करतो. रोज फोन करून सह्या मागणारा त्याचा माणूस चार दिवस गप्प बसला, तर तो ‘बॅक ऑफ’ करतो.

‘ऑप्ट आउट’चा उल्लेख एवढ्यासाठीच, की तो यांच्यात सर्वांत निरुपद्रवी आहे: नियमानेच दिलेला पर्याय वापरून एखाद्या व्यवस्थेत न राहणे. आयकराची नवी पद्धत आता मूळ पद्धत मानली जाते आणि जुनी हवी असणारा करदाता नवीतून ‘ऑप्ट आउट’ करतो. त्याने कोणाला फसवलेले नसते. ‘चिकन आउट’ याच्या दुसऱ्या टोकाला आहे, त्यात भित्रेपणाचा उघड आरोप आहे, आणि मराठीतले ‘कच खाणे’ त्याच्याशी बरेच जुळते. ‘गो बॅक ऑन युअर वर्ड’ म्हणजे सरळसरळ ‘शब्द फिरवणे’. ‘बॅक आउट’पेक्षा तो अधिक कठोर आहे, कारण त्यात व्यवहारापेक्षा माणसाच्या सचोटीवर बोट ठेवलेले असते.

आता मराठीचा विचार करू, कारण तिसऱ्या सदस्यांचा गोंधळ मराठीतूनच आलेला आहे. आपली ‘माघार’ इतकी ऐसपैस आहे, की तिच्यात हे सगळे इंग्रजी शब्द मावतात, आणि तिला स्वतःचा असा डाग नाही. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले. त्याला इतिहासकार माघार म्हणतात आणि त्यातली दूरदृष्टीही सांगतात. निवडणुकीतली माघार तर पूर्णपणे कायदेशीर गोष्ट आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे ठरलेल्या दिवशी दुपारी तीन वाजेपर्यंत लेखी सूचना देऊन उमेदवारी मागे घेता येते, आणि एकदा दिलेली ती सूचना पुन्हा रद्द करता येत नाही. महाराष्ट्र विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत हा दिवस ४ नोव्हेंबर होता, आणि त्या दिवशी तीन वाजेपर्यंत गावोगावच्या बंडखोरांची मनधरणी चालू होती. या माघारीचे इंग्रजी ‘विथड्रॉ’च आहे. पक्षश्रेष्ठींना शब्द दिल्यावरही एखाद्याने अर्ज मागे घेतला नाही, तर मात्र त्या शब्दापुरते त्याने ‘बॅक आउट’ केले असे म्हणता येईल, म्हणजे अर्ज न मागे घेणे हेच ‘बॅक आउट’ ठरेल. माघार आणि ‘बॅक आउट’ या दोन गोष्टी किती वेगळ्या असू शकतात, हे याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण मला सुचत नाही.

म्हणून ‘बॅक आउट’चे मराठी करताना नुसती ‘माघार’ पुरत नाही. तिच्याआधी होकार दिसला पाहिजे. ‘कबूल करून माघार घेतली’, ‘ठरल्यानंतर अंग काढून घेतले’, ‘ऐनवेळी पाय मागे घेतला’ या रचनांत तो दिसतो. ‘हात वर केले’ यात जबाबदारी नाकारण्याचा भाग अधिक आहे. माणूस जागेवर असतो, पण ‘माझ्या हातात काही नाही’ असे म्हणतो. ‘काढता पाय घेतला’ हे बैठकीतून किंवा भांडणातून निघून जाण्याला शोभते, करारातून नव्हे. ‘पलटी मारली’ हे मुंबईत सर्रास म्हणतात, पण त्यात आधीच्या बोलण्याच्या उलट बोलणे किंवा बाजू बदलणे हा अर्थ मुख्य आहे. ‘टांग दिली’ हे मित्रांमधल्या ‘बॅक आउट’ला अगदी चपखल आहे, पण ते कट्ट्यावरच राहू द्यावे. बोलताना ‘त्यांनी बॅक आउट केले’ असे मराठीतच म्हणण्याला माझी हरकत नाही. हा शब्द मुंबईच्या मराठीत रुळलेला आहे आणि ऐकणाऱ्याला त्यातला रोषही कळतो.

आता संस्थेच्या पत्राविषयी. येथे भाषेआधी घटनाक्रम पाहावा लागतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ५ प्रमाणे, प्रस्तावावरील स्वीकृती प्रस्तावकाच्या बाबतीत पूर्ण होईपर्यंत त्याला तो केव्हाही मागे घेता येतो, नंतर नाही. आणि कलम ४ प्रमाणे स्वीकृतीचे पत्र स्वीकारणाऱ्याच्या हातातून निघून प्रस्तावकाकडे रवाना झाले, की प्रस्तावकापुरती ती पूर्ण झालेली असते. स्वीकृतीचे पत्र जाण्यापूर्वी विकासकाने कळवले असते, तर त्याने केवळ आपला प्रस्ताव मागे घेतला असता आणि ‘बॅक आउट’ हा शब्द त्याला लावणे योग्य झाले नसते. आपण मात्र स्वीकृतीचे पत्र आधीच दिलेले आहे. त्यामुळे बोली अर्थाने विकासकाने ‘बॅक आउट’ केले असे म्हणायला पूर्ण जागा आहे. डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट झालेले नसताना त्या स्वीकृतीने विकासक कायद्याने कितपत बांधला गेला, हा प्रश्न संस्थेच्या वकिलांचा आहे आणि तो त्यांनाच सोडवू द्यावा.

पत्रात तरीही मी ‘बॅक्ड आउट’ लिहिणार नाही. तो शब्द चुकीचा नाही, पण तो बोलीतला आहे आणि उद्या हे पत्र न्यायालयात किंवा उपनिबंधकांपुढे गेले, तर वाचणाऱ्याला आधी राग दिसेल आणि मग वस्तुस्थिती. त्याचबरोबर, दुसऱ्या सदस्यांनी सुचवलेले नुसते ‘विथड्रॉन’ही मी ठेवणार नाही, कारण त्यात होकार हरवतो आणि विकासक नियमाने, सभ्यपणे बाहेर पडल्यासारखे वाटते. मार्ग असा आहे: शब्द शांत ठेवावा आणि होकार तारखेसह वाक्यात आणावा. ‘युअर विथड्रॉअल फ्रॉम द प्रोजेक्ट, आफ्टर अवर ॲक्सेप्टन्स ऑफ युअर ऑफर’ असे लिहून मधे स्वीकृतीच्या पत्राची तारीख घालावी. त्यापुढच्या वाक्यात ‘द सोसायटी ॲक्टेड ऑन युअर ऑफर’ असे म्हणून संस्थेने काय काय केले ते सांगावे: इतर निविदाकारांना नकार कळवला, सल्लागाराची फी दिली, मसुद्यासाठी वकिलांची नेमणूक केली. ‘बॅक आउट’मध्ये जे तीन घटक दडलेले असतात, ते तिन्ही असे उघडपणे कागदावर येतात. विकासकाने वापरलेला ‘पुल आउट’ मात्र आपल्या पत्रात अवतरणचिन्हांशिवाय परत वापरू नये. तसे केल्यास त्याने निवडलेला तटस्थ शब्द आपण मान्य केल्यासारखे होते. ‘ब्रीच’ हा शब्द वकिलांनी सांगितल्याशिवाय लिहू नये.

बोलून दाखवायची वेळ आली, तर उच्चाराकडे लक्ष द्यावे. भूतकाळी रूपाचा उच्चार ‘बॅक्ट’ असा आहे, ‘बॅक्ड’ किंवा ‘बॅकेड’ असा नाही. वर मी स्पेलिंगला जवळचे म्हणून ‘बॅक्ड’ लिहिले आहे. आघात ‘आउट’वर येतो आणि दोन्ही शब्द जोडून म्हटले जातात.

राहिले इतिवृत्त. सभेचा ठराव आणि सदस्यांची मते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या वाक्यांत लिहाव्यात. मुख्य नोंद अशी करावी: ‘संस्थेने प्रस्ताव स्वीकारल्याचे पत्र दिल्यानंतर विकासकांनी आपल्या पत्रान्वये प्रकल्पातून माघार घेत असल्याचे कळविले, सभेने त्याची नोंद घेतली.’ दोन्ही पत्रांचे जावक-आवक क्रमांक आणि तारखा तिथेच द्याव्यात. सभेत कोणी ‘विकासकाने शब्द फिरवला’ किंवा ‘बॅक आउट केले’ असे म्हटले असेल आणि ते नोंदवावे असा त्या सदस्यांचा आग्रह असेल, तर ते त्यांच्या नावाने, त्यांचे मत म्हणून, ठरावाच्या बाहेर लिहावे. ठरावावर संपूर्ण संस्थेची सही असते, आणि पुढच्या विकासकाचे वकीलही तो वाचणार असतात.